ग्रोथ हार्मोनची चाचणी, पोटाच्या वाटेने

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला ग्रोथ हार्मोनची चाचणी कशाला, हे मला इतक्या जणांनी विचारलं की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. उंची वाढायची थांबली तरी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन आयुष्यभर सोडत राहते. मोठेपणी त्याची कामं वेगळी असतात: साठलेली चरबी इंधनासाठी मोकळी करणं, स्नायू आणि हाडं राखणं, उपाशीपणी रक्तातली साखर घसरू न देणं. ते कमी पडलं तर माणूस अंथरुणाला खिळत नाही. अंगात उभारी राहत नाही, पोटावर चरबी चढते, दंडात जोर वाटत नाही. ही लक्षणं कुणाला सांगितली की समोरचा हमखास म्हणतो, "अहो, मलाही असंच होतं."

माझ्या बाबतीत संशय घ्यायला जागा होती. माझ्या पिट्युटरीत गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हती आणि स्वतः कुठलं हार्मोनही बनवत नव्हती. पण ती वाढत वर सरकली आणि डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबू लागली. दोन्ही बाजूंची नजर कमी झाली तेव्हा निदान झालं. नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली, नजर बरीचशी परत आली. ग्रंथी मात्र दबून दबून पातळ झाली होती. ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल आणि थायरॉईड अशी दोन हार्मोन्स गोळ्यांवर आली. दोन्हींचे डोस जुळले, रिपोर्ट नीट यायला लागले, तरी दोन जिने चढले की बसावंसं वाटे. माझ्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टर, मॅडमनी तेव्हा ग्रोथ हार्मोनचा विषय काढला.

माझा भाबडा प्रश्न असा की रक्त घ्या आणि बघा ना किती आहे ते. थायरॉईडचं तसंच तर बघतात. पण इथे ते चालत नाही. ग्रोथ हार्मोन सतत झिरपत नाही, थांबून थांबून उसळ्यांनी येतं. सर्वांत मोठी उसळी रात्री गाढ झोप लागल्यावर थोड्याच वेळात येते. दिवसा दोन उसळ्यांच्या मधे धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी आकडा जवळजवळ शून्य येऊ शकतो. म्हणून आधी आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बघतात. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृत ते बनवतं आणि त्याची पातळी दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते. माझं आयजीएफ-१ आलं वयाच्या मानाने सामान्य मर्यादेत, पण अगदी तळाला. त्यावरून हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मॅडम म्हणाल्या, "पिट्युटरीची तीन किंवा जास्त हार्मोन्स गेलेली असती आणि आयजीएफ-१ स्पष्ट कमी असतं, तर चाचणी न करताच निदान केलं असतं. तुमची दोनच गेलीत, पाळीही नियमित आहे. तेव्हा ग्रंथीला डिवचून बघावं लागेल."

डिवचायची जुनी आणि मानाची पद्धत म्हणजे इन्सुलिन. शिरेतून इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम ४० मिलिग्रॅमच्या खाली नेतात. साखर इतकी पडली की शरीर घाबरतं आणि पिट्युटरीने ग्रोथ हार्मोन सोडायलाच हवं. दरदरून घाम, धडधड, हातपाय थरथरणं हे सगळं त्यात अपेक्षितच असतं आणि डॉक्टर शेजारी बसून राहतात. हृदयविकार किंवा फिट्सचा इतिहास असेल तर ही चाचणी करत नाहीत. ऑपरेशननंतर घरी आल्यावर माझं सोडियम घसरलं होतं आणि त्यात मला एकदा फिट आली होती. त्यामुळे इन्सुलिन बाद झालं. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन करायची दुसरी चाचणी आहे, पण ती तीन-चार तास चालते आणि पुष्कळांना मळमळतं. मॅडमनी तिसरा पर्याय सांगितला, मॅसिमोरेलिन नावाचं एक पेय. साखर पाडायची नाही, स्नायूत सुई टोचायची नाही. प्यायचं आणि दीड तास बसायचं.

"हे करतं काय नेमकं?" मी विचारलं.

"पोट उपाशी असलं की जे हार्मोन सोडतं, त्याची नक्कल करतं."

पोटाचा आणि ग्रोथ हार्मोनचा काय संबंध, हे मला कळेना. मॅडमनी केसपेपरच्या मागे आकृती काढली. वर हायपोथॅलॅमस, म्हणजे पिट्युटरीला हुकूम देणारा मेंदूचा भाग, खाली पिट्युटरी. हायपोथॅलॅमसकडून दोन बाण खाली: एक ग्रोथ हार्मोन सोडायला लावणाऱ्या जीएचआरएचचा, दुसरा ते रोखून धरणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनचा. एक ढकलतो, एक अडवतो, त्यातून उसळ्या तयार होतात. इथवर मी ऑपरेशनच्या वेळी वाचलं होतं. मग त्यांनी कागदाच्या तळाशी एक पोट काढलं आणि तिथून तिसरा बाण वर नेला. त्याला दोन फाटे फुटत होते, एक पिट्युटरीत शिरणारा आणि एक थेट हायपोथॅलॅमसपर्यंत जाणारा. हे घ्रेलिन. जठराच्या वरच्या भागातल्या अस्तरातल्या काही पेशी ते बनवतात. जेवणाआधी रक्तातलं घ्रेलिन चढतं, जेवलं की उतरतं.

घरी येऊन मी याच्यामागे लागले, कारण माझ्याकडे वेळ होता आणि दुसरं काही करायची ताकद नव्हती. या हार्मोनचा शोधच उलट्या क्रमाने लागलाय. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात सिरिल बॉवर्स आणि त्यांचे सहकारी छोटे छोटे कृत्रिम पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, बनवत होते. त्यातले काही पिट्युटरीतून ग्रोथ हार्मोन बाहेर काढतात असं त्यांना आढळलं. ते जीएचआरएचसारखे दिसत नव्हते आणि त्याच्या मार्गानेही काम करत नव्हते. मग ते कशावर काम करतात? तो रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्यांना ओळखणारी जागा, १९९६ साली मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांना सापडला. म्हणजे माणसाने किल्ली आधी बनवली, कुलूप नंतर सापडलं, आणि शरीराची स्वतःची किल्ली कुठे आहे हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. ती १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना सापडली, तीही मेंदूत नाही, उंदराच्या जठरात.

घ्रेलिन २८ अमिनो आम्लांचं आहे. त्यातल्या तिसऱ्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, आठ कार्बनचं एक मेदाम्ल चिकटलेलं असतं. ते नसेल तर रिसेप्टर त्याला ओळखत नाही. रक्तात फिरणाऱ्या घ्रेलिनपैकी बहुतेक घ्रेलिन मेदाम्लाविनाच असतं, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या दृष्टीने निरुपयोगी. मेदाम्ल चिकटवणारं एन्झाइम २००८ साली हाती लागलं, त्याला 'गोट' म्हणतात.

पिट्युटरीच्या पेशीत जीएचआरएच आणि घ्रेलिन वेगवेगळ्या दारांनी आत येतात. जीएचआरएच पेशीतलं सायक्लिक एएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढवतं, तर घ्रेलिन पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतं. दोन्ही एकदम आले की जो ग्रोथ हार्मोन सुटतो तो दोघांच्या बेरजेहून जास्त असतो. शिवाय हायपोथॅलॅमसमध्ये घ्रेलिन जीएचआरएचच्या पेशींना चेतवतं आणि सोमॅटोस्टॅटिनचा अडसरही सैल करतं. त्यामुळे हायपोथॅलॅमस शाबूत नसेल तर नुसत्या घ्रेलिनचा जोर बराच कमी पडतो. आकृतीतल्या बाणाला दोन फाटे का, ते हे वाचल्यावर उमगलं.

मला सगळ्यांत जास्त खिळवलं ते 'पण पोटाला याची गरजच काय' या प्रश्नाने. उपाशी असताना वाढ कशाला करायची? उलट तेव्हा वाढ थांबवायला हवी. उत्तराचा एक धागा उंदरांच्या प्रयोगात आहे. घ्रेलिनच नसलेले उंदीर जवळजवळ नेहमीसारखेच वाढतात, म्हणजे उंचीशी याचा संबंध फार थोडा. पण २०१० साली ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने 'गोट' एन्झाइम नसलेल्या उंदरांना रोजच्या खाण्याच्या ४० टक्केच खाणं दिलं. आठवडाभरात त्यांची साखर जिवावर बेतेल इतकी खाली गेली. साधे उंदीर तेवढ्याच खाण्यावर तगून राहिले. गोट नसलेल्यांना घ्रेलिन किंवा ग्रोथ हार्मोन दिलं तर तेही सावरले. म्हणजे उपासमारीत पोट जे वर कळवतं ते 'वाढ' असं नसतं, 'चरबी काढ आणि साखर सांभाळ' असं असतं. आणि वाढ होऊ नये याचीही सोय आहे. दीर्घ उपासमारीत ग्रोथ हार्मोन चढलेलं असूनही यकृत त्याला दाद देत नाही, आयजीएफ-१ खालीच राहतं. ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणंच टाळायला लावणारा मानसिक आजार, झालेल्यांच्या रक्तात नेमकं हेच दिसतं: घ्रेलिन वर, ग्रोथ हार्मोन वर, आयजीएफ-१ खाली. त्या हार्मोनला 'ग्रोथ' हे नाव कुणी दिलं देव जाणे.

वाचता वाचता आणखी एक दुनिया दिसली आणि तिच्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. घ्रेलिनच्या रिसेप्टरवर काम करणारी ही रसायनं शरीर कमावणाऱ्यांना सर्रास विकली जातात. त्यातलं इब्युटामोरेन म्हणजे एमके-६७७ हे तोंडाने घ्यायचं. धडधाकट वृद्धांवर त्याची दोन वर्षांची चाचणी झाली, निष्कर्ष २००८ साली छापून आले. चरबी वगळून वजन वाढलं, पण ताकद वाढली नाही आणि उपाशीपोटीची साखर थोडी चढली. खेळाडूंना ही औषधं उत्तेजक म्हणून बंद आहेत. मला खुर्चीत बसवून, ईसीजी काढून, वजनाप्रमाणे मोजून जे एकदाच पाजलं, त्याचे भाऊबंद लोक बाटलीवरची जाहिरात वाचून रोज घेतात, याचं मला खरोखर नवल वाटतं.

आता चाचणीकडे. आधी औषधांची यादी मागवली गेली. मॅसिमोरेलिनने ईसीजीतला क्यूटी नावाचा कालावधी लांबू शकतो, म्हणून तोच परिणाम करणारी काही ॲंटिबायोटिक्स आणि मानसिक आजारांवरची काही औषधं आधी थांबवावी लागतात. फिट्सच्या औषधाचा प्रश्न वेगळा होता. कार्बामॅझेपीन किंवा फेनिटॉइन चालू असतं तर यकृताने मॅसिमोरेलिन भराभर मोडून टाकलं असतं आणि चाचणी खोटी कमी आली असती. मला लेव्हेटिरासिटाम दिलेलं होतं, त्याची ही अडचण नाही. कॉर्टिसॉल आणि थायरॉईडचे डोस नीट बसल्याशिवायही ही चाचणी करण्यात अर्थ नसतो, कारण ती दोन कमी असली की ग्रोथ हार्मोनचं उत्तर आपोआप मंदावतं. चाचणीच्या सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

निदान आठ तास उपाशी राहायचं होतं. रात्रीच जेवून झोपले, तेव्हा ते सोपं गेलं. सकाळी वजन केलं, ईसीजी काढला, कोपराच्या आतल्या बाजूला शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, लावली. मग सिस्टरनी माझ्यासमोरच पाकीट फोडलं. ६० मिलिग्रॅमची पूड १२० मिली पाण्यात घालायची आणि दोन-तीन मिनिटं ढवळायची. पूर्ण विरघळत नाही, थोडे कण तरंगत राहतात आणि ते तसंच चालतं. हिशेब इतका सुटसुटीत की मला गंमत वाटली: किलोमागे अर्धा मिलिग्रॅम औषध आणि एका मिलीत अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे जितके किलो वजन तितके मिली प्यायचं. माझे ६४. सिस्टरनी सिरिंजने मोजून दुसऱ्या ग्लासात काढले आणि म्हणाल्या, "ताई, तीस सेकंदांच्या आत संपवायचं. घोट घोट नको."

चव कडवट. कडूपेक्षाही नंतर जिभेवर जे राहिलं ते विचित्र होतं, धातूसारखं, आणि बराच वेळ गेलं नाही. शेवटचा घोट गिळला तसं त्यांनी घड्याळ पाहून कागदावर वेळ टाकली. तिथून ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांनी रक्त. प्रत्येक वेळी आधी थोडं रक्त ओढून टाकून द्यायचे, कारण कॅन्युलात सलाईन भरलेलं असतं आणि ते मिसळलं तर आकडा पातळ होतो. मग ट्यूब भरायची, वेळ लिहायची, पुन्हा सलाईन सोडायचं. ६० मिनिटांच्या वेळी रक्त येईना. हात खाली सोडा, मूठ उघडझाप करा, असं करून एकदाचं आलं, तोवर दोन मिनिटं उलटली होती. सिस्टरनी ६२ असं लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

पहिल्या नमुन्याच्या आधीच पोटात गुरगुर सुरू झाली, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढी. थोडं गरम झाल्यासारखं वाटलं, आणि भूक. साधी, सकाळी लागते तशी भूक नाही. समोरच्या टेबलावर कुणाची तरी डब्याची पिशवी होती आणि माझं लक्ष तिच्यावरून हटेना. माहितीपत्रकात भूक लागणं हा दुष्परिणाम म्हणून दिलेला आहे. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, औषध पोचलंय, म्हणजे ग्रंथीही जागी होत असणार.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हा निष्कर्ष लगेच खोडला. एक तर मी रात्रीपासून उपाशी होते, भूक लागायला औषधच कशाला हवं. आणि ती औषधाने लागली असं धरलं तरी तो मार्ग निराळा. घ्रेलिनचा तोच रिसेप्टर हायपोथॅलॅमसमध्ये भूक चेतवणाऱ्या पेशींवरही असतो. तिथे काम झालं म्हणून पिट्युटरीत होईलच असं नाही. "भूक तुमच्या मेंदूने दिली," त्या म्हणाल्या, "ग्रोथ हार्मोन द्यायला पिट्युटरीत पेशी शिल्लक लागतात."

रिपोर्टात चार आकडे होते. ०.३, ०.६, ०.५, ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिली. चारांतला सर्वांत मोठा धरायचा आणि तो २.८च्या वर नसेल तर कमतरता. माझा ०.६, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. काठावरचा आकडा असता तर अवघड झालं असतं. वजन खूप जास्त असलेल्यांमध्ये ग्रंथी ठीक असूनही उत्तर मंद येतं. दुसऱ्या टोकाला, हायपोथॅलॅमसला नुकतीच इजा झाली असेल तर औषध थेट पिट्युटरीला चेतवतं आणि आकडा फसवा चांगला येऊ शकतो. शिवाय बिघाड वर आहे की खाली, हे ही चाचणी सांगत नाही. माझ्या बाबतीत ते गाठीवरून आणि स्कॅनवरून उघडच होतं.

उपचार म्हणजे ग्रोथ हार्मोनचं रोजचं इंजेक्शन. मी विचारलं, मग हेच पेय रोज घेतलं तर? इंजेक्शन टळेल. मॅडमनी मान हलवली. पोटाचं घ्रेलिन माझ्याकडे आधीपासून आहेच, दिवसातून अनेकदा चढतंय. निरोपाची टंचाई कधीच नव्हती, तो ऐकणाऱ्या पेशींची होती.

इंजेक्शन सुरू करण्याआधी पुन्हा एमआरआय झाला, गाठीचा अवशेष वाढत नाही ना हे बघायला. मग रोज रात्री पोटाच्या कातडीखाली पेनने छोटासा डोस, आणि एक-दोन महिन्यांच्या अंतराने आयजीएफ-१ बघून तो हळूहळू वर. सुरुवातीला घोटे सुजले, अंगठी निघेना, सकाळी बोटं आखडलेली असायची. डोस जरा मागे घेतल्यावर ते गेलं. एका गोष्टीची मात्र मला कल्पना नव्हती. ग्रोथ हार्मोन सुरू झालं की शरीरात कॉर्टिसॉल उपलब्ध राहण्याचं प्रमाण घटतं आणि थायरॉक्सिनची गरजही वाढू शकते. काही आठवड्यांतच मला पुन्हा थकवा आणि उभं राहिल्यावर अंधारी यायला लागली. घाबरून तपासलं तर कारण हेच. हायड्रोकॉर्टिझोन (कॉर्टिसॉलची गोळी) आणि थायरॉक्सिन दोन्हींचे डोस थोडे वाढवले तेव्हा गाडी रुळावर आली. पिट्युटरीवर उपचार चालू असलेल्या कुणाला हे पेय प्यायला सांगितलं आणि निकाल कमी आला, तर इंजेक्शनच्या पहिल्या डोसाआधीच हे विचारून ठेवावं. आता दोन जिने एका दमात होतात, तिसऱ्याला थांबते.